मुलाला लेझी आय निघालाय पण पट्टी लावूच देत नाही, खरंच फरक पडतो का?

तुम्ही लिहिलंय की मुलगा साडेपाच वर्षांचा आहे, डावा डोळा लेझी (म्हणजे मंददृष्टी, चष्मा लावूनही पुरतं न दिसणारा) निघाला, डॉक्टरांनी चांगल्या डोळ्यावर रोज 2 तास पट्टी सांगितली आणि तो 10 मिनिटांत ओढून काढतो, मग हे सगळं उगाच छळ तर नाही ना. मी डॉक्टर नाही, पण लेकीबरोबर दीड वर्ष हेच केलंय म्हणून सांगते.

फरक पडतो. पण आधी चष्मा दिवसभर डोळ्यावर हवा, तो कपाटात आणि नुसती पट्टी असं चालत नाही. आमच्या लेकीला उजव्या डोळ्याला +1 नंबर आणि डाव्याला +5. दिसायला दोन्ही डोळे एकदम सरळ, तिरळेपणा नावालाही नाही, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. शाळेतल्या तपासणीत डोळा स्वतःच्या हाताने झाकायला सांगितला होता आणि बाईसाहेब बोटांच्या फटीतून बघून सगळं घडाघडा वाचून मोकळ्या झाल्या. कळलं कसं, तर जत्रेतून कॅलिडोस्कोप आणला होता, उजव्याने बघितला की खूश, मी गंमत म्हणून डाव्याला लावला तर म्हणते, "आई, हा बिघडलाय."

मग थेंब टाकून नीट तपासणी झाली, डावा डोळा चष्मा लावूनही 6/24 (म्हणजे चांगल्या नजरेला जे 24 मीटरवरून दिसतं ते हिला 6 मीटरवरून; 6/6 म्हणजे नजर चांगली, खालचा आकडा जितका मोठा तितकी कमी). सासूबाईंचं म्हणणं, अधू डोळा डावा तर पट्टी उजव्यावर का, डाव्यालाच आराम द्या की. डॉक्टरांनी समजावलं की डोळा आतून ठणठणीत आहे, पण त्याच्याकडून कायम धूसर चित्र येत राहिल्याने मेंदूने त्याचं ऐकायचंच सोडून दिलंय, आता चांगला झाकला की मेंदूला दुसरा पर्याय उरत नाही. पहिले काही आठवडे तर त्यांनी फक्त चष्माच दिला, आणि तेवढ्यावरच 6/18 झालं. अमेरिकेत 3 ते 7 वर्षांच्या अशाच मुलांवर (दोन डोळ्यांच्या नंबरात फरक असलेल्या) अभ्यास झालाय, त्यात साधारण पाव मुलांचा लेझी आय नुसत्या चष्म्यानेच गेला होता. 2 तास कमी वाटत असतील तर तसंही नाही, 2003 साली तिथेच मध्यम लेझी आयसाठी 2 तास आणि 6 तास पट्टी अशी तुलना केली आणि 4 महिन्यांनी दोन्हीकडे फायदा जवळपास सारखाच निघाला. डोळा फारच अधू असेल तर डॉक्टर जास्त तास सांगतात, ते स्वतःच्या मनाने कमी-जास्त करू नका.

आता ओढून काढण्याचं. पहिल्या दिवशी आमची पण रडली, मी दोनदा ओरडले, मग ती पाणी प्यायला उठली आणि बघते तर भिंतीला हात लावत लावत स्वयंपाकघरात गेली, उंबऱ्यावर पाय टाकण्याआधी पायाने चाचपून बघितला. रोजचं घर हो ते तिचं! तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला की हा हट्ट नाहीये, हिला खरंच दिसत नाहीये. त्या दिवसानंतर ओरडणं बंद.

मग काय काय केलं: पट्टी शाळेतून आल्यावर, घरातच, मी समोर बसलेली. चिकटणारी पट्टी थेट कातडीला आणि वरून चष्मा, कारण चष्म्यावर चढवायची कापडी पट्टी आणली होती तर ही मान वाकडी करून नाकाच्या बाजूने बघायची. त्या दोन तासांत जवळचं बारीक काम: तांदूळ निवडणे, मणी ओवणे, ठिपके जोडून रांगोळी, आणि खरं सांगायचं तर कार्टून पण, कारण कार्टून फक्त पट्टीसोबतच मिळायचं. पट्टी लावली तर कॅलेंडरवर एक टिकली, तीही तिनेच लावायची. बाहुलीलाही पट्टी असायची.

आमची चूक पण सांगते. 6/9 झालं, मे महिन्यात गावाला गेलो आणि पट्टी आपोआपच सुटली, डॉक्टरांना न विचारता. परत आलो तर 6/12, पुन्हा सुरुवात. पट्टी सुटल्यावर बऱ्याच मुलांची नजर वर्षभरात थोडी मागे येते, म्हणून तारखा चुकवू नका, शिवाय झाकलेल्या चांगल्या डोळ्याची नजर उतरत नाहीये ना तेही त्याच तपासणीत बघतात.

अगदीच जमत नसेल तर डॉक्टरांना अॅट्रोपिनच्या थेंबांबद्दल विचारा, चांगल्या डोळ्यात टाकून त्याला जवळचं धूसर करतात, म्हणजे पट्टीचं काम थेंब करतात. मध्यम लेझी आयला तेही चालतं, पण घरात पडलेली बाटली उचलून स्वतः सुरू करू नका.

आणि पट्टी कोरडी ओढू नका, कडेने ओला रुमाल दाबून धरा आणि मग हळूहळू सोडवा. आमच्याकडे अर्धी रडारड त्या ओढण्याचीच होती, हे मला महिनाभराने कळलं.