लंडनमधला एक्स-कौन्सिल फ्लॅट: भाडं, खरेदी आणि काळी बुरशी

प्रश्न: आम्ही दोघं स्किल्ड वर्कर व्हिसावर लंडनला आलो आहोत. बर्मंडसीत कौन्सिलच्या इस्टेटमधला (स्थानिक पालिकेच्या वसाहतीतला) फ्लॅट खासगी मालकाकडून भाड्याने मिळतोय. आमच्या व्हिसावर ‘नो रिकोर्स टू पब्लिक फंड्स’ (सरकारी मदतीवर हक्क नाही) ही अट आहे. काही अडचण येईल का?

उत्तर: व्हिसाची अडचण नाही. या अटीमुळे कौन्सिल स्वतःचं घर तुम्हाला देणार नाही, एवढंच. १९८० च्या हाउसिंग ॲक्टने कौन्सिलच्या भाडेकरूंना राहतं घर सवलतीत विकत घेता येऊ लागलं. त्यातली बरीच घरं पुढे विकली गेली आणि आज खासगी भाड्याने मिळतात; त्यांनाच एक्स-कौन्सिल म्हणतात. तो तुमचा आणि मालकाचा आपसातला व्यवहार आहे.

खरी भीती वेगळीच आहे. समोरचा माणूस मालक नसून कौन्सिलचा भाडेकरूच असेल तर? राहतं घर असं परस्पर दुसऱ्याला देणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. कौन्सिलने घर परत घेतलं की आत राहणाऱ्यालाही बाहेर पडावं लागतं. म्हणून पैसे देण्याआधी लँड रजिस्ट्रीच्या सरकारी संकेतस्थळावरून ७ पौंड भरून टायटल रजिस्टर, म्हणजे मालकीची नोंद, काढा. जमिनीचा फ्रीहोल्ड, म्हणजे कायमची मालकी, कौन्सिलच्या नावावर दिसेल, त्यात वावगं काही नाही. तुम्हाला हवी ती त्या फ्लॅट नंबरची लीझहोल्ड (ठरावीक वर्षांच्या मालकीची) नोंद. तिच्यावरचं नाव आणि करारावरचं नाव जुळलं पाहिजे. अशी नोंदच नसेल, तर त्या घराचा नाद सोडा. वर्षाचं भाडं ५०,००० पौंडांच्या आत असेल, तर डिपॉझिट पाच आठवड्यांच्या भाड्यापेक्षा जास्त मागता येत नाही आणि ते ३० दिवसांत सरकारमान्य डिपॉझिट संरक्षण योजनेत जमा करावं लागतं.

प्रश्न: साठच्या दशकातल्या इमारतीत सहाव्या मजल्यावरचा दोन बेडरूमचा फ्लॅट विकत घ्यायचा विचार आहे. शेजारच्या नव्या इमारतीपेक्षा तो मोठा आहे आणि बराच स्वस्तही. यात मेख कुठे आहे?

उत्तर: घर मोठं असण्याचं कारण चांगलं आहे. १९६१ च्या पार्कर मॉरिस या सरकारी अहवालाने चार माणसांच्या फ्लॅटला सुमारे ७० चौरस मीटर जागा आणि शिवाय सामानाची खोली सुचवली. पुढे १९६९ ते १९८० या काळात हे निकष कौन्सिलच्या घरांना बंधनकारकच होते. शहराच्या मध्यात, ट्यूबपासून चालत जाण्याच्या अंतरावर एवढी जागा नव्या इमारतीत परवडत नाही. ग्राउंड रेंटही (जमिनीचं भाडं) बहुतेक वर्षाला फक्त १० पौंड असतो.

स्वस्ताईचं मुख्य कारण बँका आहेत. उंच टॉवर, बाहेरून उघड्या गॅलरीतून दारं असलेली इमारत किंवा कौन्सिलचे भाडेकरू जास्त असलेला ब्लॉक, यांवर कर्ज द्यायला कित्येक बँका कचरतात. त्यामुळे उद्या तुम्हाला विकायचं झालं, तरी गिऱ्हाईक कमीच मिळेल. इमारत तयार काँक्रीटच्या मोठ्या पॅनलांची असेल तर जास्तच सावध राहा. न्यूहॅममधला रोनन पॉइंट टॉवर याच पद्धतीचा होता. १६ मे १९६८ रोजी तिथे गॅसचा स्फोट झाला, इमारतीचा एक कोपरा वरपासून खालपर्यंत कोसळला आणि चार जण गेले. बांधकामाची पद्धत सर्व्हेयरकडून (घर तपासणाऱ्या तज्ज्ञाकडून) लेखी घ्या आणि ती बँकेला आधीच कळवा.

दुसरं, आणि आमच्या मते सर्वांत मोठं कारण, दुरुस्तीची बिलं. भिंतींच्या आतलं तुमचं. छप्पर, लिफ्ट, बहुधा खिडक्याही, कौन्सिलच्या. त्या कधी बदलायच्या हे कौन्सिल ठरवते आणि तुमचा हिस्सा तुमच्याकडून वसूल करते. खासगी इमारतीत यासाठी दरवर्षी थोडा निधी साठवतात. कौन्सिलच्या इमारतीत सहसा तसा निधी नसतो, त्यामुळे छप्पर आणि खिडक्या एकदम निघाल्या की बिल हजारो पौंडांत येतं. कुणाही एका लीझधारकावर २५० पौंडांपेक्षा जास्त बोजा पडणार असेल, तर कौन्सिलला सेक्शन २० ची (मोठ्या कामाची आगाऊ) नोटीस देऊन ३० दिवस हरकती ऐकाव्या लागतात. ही पद्धत पाळली नाही आणि ट्रायब्युनलनेही (अशा तंट्यांच्या न्यायाधिकरणाने) सूट दिली नाही, तर वसुली २५० पौंडांवर थांबते.

बिल निघेल त्या दिवशी जो लीझधारक असेल, त्यालाच ते भरावं लागतं. विकणारा सहज निसटतो. म्हणून सॉलिसिटरला (खरेदीचं काम पाहणाऱ्या वकिलाला) सांगून या गोष्टी मागवाच: गेल्या तीन वर्षांचे सर्व्हिस चार्जचे हिशेब, निघालेल्या सगळ्या सेक्शन २० नोटिसा, पुढच्या पाच वर्षांच्या कामांचा आराखडा आणि आगीच्या धोक्याचा अहवाल. एखादं काम मंजूर असून बिल यायचं बाकी असेल, तर तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या पैशांतून सॉलिसिटरकडे राखून ठेवायला लावा.

मुख्य दारही तपासा. ते आगीत ३० मिनिटं टिकणारं आणि आपोआप बंद होणारं हवं. आधीच्या मालकाने हौसेने साधं प्लॅस्टिकचं दार बसवलेलं असेल, तर बदलण्याचा खर्च तुमच्या गळ्यात पडू शकतो. लीझची मुदत ८० वर्षांच्या खाली गेली असेल, तर वाढवणं महाग पडतं. आणि ती इस्टेट पाडायची योजना आहे का, हे कौन्सिलला विचारा. एलिफंट अँड कासलजवळची १९७४ ची हेगेट इस्टेट २०१४ पर्यंत जमीनदोस्त झाली. तिथे लीझ घेतलेल्यांनाही घरं सोडावी लागली.

प्रश्न: थंडीत बेडरूमच्या कोपऱ्यात काळी बुरशी येते. कौन्सिल म्हणते, तुमच्या स्वयंपाकामुळे.

उत्तर: स्वयंपाकाचा वाटा आहे, पण सगळा दोष त्याचा नाही. या इमारतींत बाल्कनीचा काँक्रीट स्लॅब बऱ्याचदा भिंतीतून सरळ आत येतो. त्यामुळे तो कोपरा थंड राहतो आणि कुकरची वाफ, आंघोळ, घरात वाळत घातलेले कपडे यांची ओल तिथेच जमते.

आधी ओल कुठून येते ते ओळखा. कोपऱ्यावर ॲल्युमिनियम फॉइलचा तुकडा चारही बाजूंनी टेपने चिकटवा आणि दोन दिवस ठेवा. खोलीच्या बाजूला पाणी दिसलं तर ओल घरातली. फॉइलमागे दिसलं तर भिंतीतून येते, आणि बाहेरच्या भिंतीची दुरुस्ती सहसा कौन्सिलकडे असते. तारीख असलेल्या फोटोंसह लेखी तक्रार करा. तुम्ही थेट कौन्सिलचे भाडेकरू असाल, तर २७ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनुसार गंभीर ओलीची पाहणी १० कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवी. लीझधारकाला हा नियम लागू नाही.

घरातली ओल असेल, तर दहा-पंधरा पौंडांचा आर्द्रतामापक आणा आणि आकडा ६० टक्क्यांखाली ठेवा. स्वयंपाक झाल्यावरही एक्झॉस्ट पंखा २० मिनिटं चालू राहू द्या. कपडे बाथरूममध्ये दार लावून, पंखा सुरू ठेवून वाळवा. कपाट बाहेरच्या भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. हीटिंग दोन तास जोरात लावण्यापेक्षा दिवसभर मंद ठेवा. बुरशी कोरड्या ब्रशने खरवडू नका, कण खोलीभर उडतात. बुरशीनाशक द्रावणाने ओल्या कापडाने पुसा आणि ते कापड टाकून द्या.