मात कोणी कोणावर केली?

प्रश्न : व्हीलचेअर वापरणारा माझा जिवलग मित्र गेला. त्याच्यावर लिहिताना 'अपंगत्वावर मात केली' म्हणावं की 'अपंगत्वाला मात दिली'? आणि 'अपंग' की 'दिव्यांग'? गडी धीराचा आणि महामिश्किल. 'उभ्याउभ्या येऊन जातो' असा फोन करायचा आणि आला की तीन तास हलायचा नाही. वाचनालयाला पायऱ्या होत्या, तर खालूनच खणखणीत आवाजात पुस्तकांची यादी वाचायचा. वर 'शांतता पाळा'ची पाटी.

उत्तर : मराठीत '-वर मात करणे'; 'मात देणे' हा हिंदीचा प्रसाद. पण मुळात ही 'मात' हवीच कशाला? कोणीही गेलं की आजारावर मात, परिस्थितीवर मात, अपंगत्वावर मात! ऐकून कान किटले.

शब्द बुद्धिबळाच्या पटावरून आला, हे सगळे सांगतात. पुढे मात्र बरेच कोशकार एकमेकांची री ओढत अरबी 'माता', म्हणजे 'मेला', इथं जाऊन थांबतात : शाह मात, राजा मेला. या मंडळींनी पट कधी मांडला होता का? बुद्धिबळात प्यादी मरतात, वजीर मरतो. राजा कधीच मारला जात नाही. त्याला शह बसलेला असतो आणि सुटायला वाट उरत नाही, एवढंच. फारसीत 'मात' म्हणजे थक्क, हतबल. त्याच भाषेत 'मांदन' म्हणजे राहणे, मागे उरणे. हिंदीतल्या 'थका-मांदा'तला 'मांदा' त्यातलाच. माझ्या मते 'मात'ही याच घरची. अरबीवाल्यांनी खुशाल रागवावं.

म्हणजे मात होणे म्हणजे हलायला घर न उरणे. आता तुमच्या वाक्याकडे बघा. अपंगत्वावर मात झाली असती तर डाव तिथंच संपला असता. त्याचा तर शेवटपर्यंत चालू होता. मात करू बघत होत्या त्या पायऱ्या, आणि यानं प्रत्येक वेळी कुठून तरी घर शोधून काढलं. 'शहाला काटशह' म्हणा हवं तर. तोही पटावरचाच शब्द, आणि इथं चपखल बसतो. 'उभ्याउभ्या'चा किस्सा मात्र जसाच्या तसा घाला, अवतरणचिन्हांत. कंसात 'विनोदाने' असं लिहून त्याची माती करू नका.

राहिलं 'अपंग-दिव्यांग'. 'अपंग'मधला 'अ' नकारार्थी नव्हे. 'अप' अधिक 'अंग' अशी ती फोड आहे, 'पंगू'शी संबंध नाही. 'दिव्यांग' 2015च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी सुचवला आणि पुढे सरकारी कागदोपत्री रुळला. काहींना तो सन्मानाचा वाटतो, काहींना त्या 'दिव्य'चा वैताग येतो. तुमचा मित्र स्वतःबद्दल बोलताना कोणता शब्द वापरायचा? तोच लिहा.