फाइल चढली, पण सापडते का?

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

विद्यापीठाच्या ग्रंथालयात रुजू झालीस आणि 'शोधगंगा' या पीएचडी प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारावर प्रबंध चढवायचं काम गळ्यात पडलं. 'निव्वळ कारकुनी' असं तू म्हणतेस, म्हणून हे पत्र.

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2009च्या नियमांनी प्रबंधाची इलेक्ट्रॉनिक प्रत सक्तीची केली. त्याआधी बहुतेक प्रबंध बाइंडिंग होऊन कपाटात जायचे आणि तिथेच राहायचे. आता शोधगंगा चालवणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ते कुणालाही फुकट वाचायला देतं. पण फाइल चढली म्हणजे ती वाचकाच्या हाती लागली असं नाही. मराठी प्रबंधांचं तर विचारूच नकोस.

एखादा जुना मराठी प्रबंध उघड आणि त्यात 'दुष्काळ' शोध. पानावर शब्द ढळढळीत दिसत असतो, तरी शोधात काही येत नाही. ती ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये टाक. रोमन अक्षरं आणि डॉलरची चिन्हं यांचा गिचमिडगोळा उमटेल. श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टांत देवनागरी फक्त दिसायला असते, संगणकाच्या लेखी ती रोमन अक्षरंच. म्हणून यापुढे प्रबंध युनिकोडमध्येच घे, त्यात देवनागरी संगणकालाही देवनागरीच कळते. गाईड कुरकुरतील, टायपिंगवाला 'आमच्याकडे हाच फॉन्ट चालतो' म्हणेल. परिपत्रक काढून घे, म्हणजे रोज तुला भांडायला नको.

जुने प्रबंध पुन्हा टाइप करणं कुणाच्या बापाला जमायचं नाही. ओसीआर (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखणारं सॉफ्टवेअर) करून बघ, पण जोडाक्षरांपाशी ते अडखळतं. तिथे खरा आधार मेटाडेटाचा, म्हणजे फाइलसोबत भरायच्या शीर्षक, विषयशब्द, गाईड अशा माहितीचा. शीर्षक देवनागरीत दे, रोमनमध्येही दे. विषयशब्दांत 'मराठी साहित्य' एवढं टाकून मोकळी होऊ नकोस (सर्रास तसंच चालतं). प्रबंध माणदेशावर असेल तर माणदेश, आटपाडी, मेंढपाळ, दुष्काळ हे शब्द आलेच पाहिजेत, आणि त्यासाठी निदान अनुक्रमणिका आणि प्रस्तावना वाचावी लागते. हे कारकुनी नव्हे. गाईडचं नावही सगळीकडे एकाच पद्धतीने लिही. कधी आद्याक्षरं, कधी पूर्ण नाव असं झालं की एकाच माणसाचे विद्यार्थी दोन नावांखाली विखुरतात.

महिन्याला किती चढवले हे वरिष्ठ विचारतील, तो आकडा देत जा. तो वाढवायच्या नादात अनुक्रमणिका मात्र न वाचता सोडू नकोस.

आणि कपाटातल्या प्रबंधांच्या जुन्या सीड्या पावसाळ्याआधी हार्डडिस्कवर उतरवून घे. एक प्रत दुसऱ्या इमारतीत ठेव.

तुझा,
सर