घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली, तर चावी बँकेला देऊन मोकळं होता येतं का?

नाही. आपल्याकडे नाही येत. पण तुमचा प्रश्न नुसता कायद्याचा नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

तुम्ही लिहिलंय ते थोडक्यात असं: तीन वर्षांपूर्वी नाशिकच्या पाथर्डी फाट्याला ५२ लाखांचा टू-बीएचके घेतला. कर्ज ४१ लाख ६० हजार, वीस वर्षांसाठी, पावणेनऊ टक्क्यांनी. वर्षभराने बँकेच्या व्हॅल्युअरने फ्लॅटची किंमत ५८ लाख लिहिली, त्या जोरावर फर्निचरसाठी ५ लाखांचा टॉप-अप, म्हणजे त्याच घरावर वाढीव कर्ज, उचलला. आज बाकी साडेत्रेचाळीस लाख आणि दलाल ४१च्या वर बोलायला तयार नाही. अंबडच्या कंपनीतली नोकरी चालू आहे, घरात स्वतः राहताय, हप्ता जातोय, पण जीव जळतो. आणि पुण्यातला मित्र म्हणतो, २००८ नंतर अमेरिकेत लोकांनी चाव्या पाकिटात घालून बँकेला पाठवल्या, तूही तेच कर.

मित्र खोटं बोलत नाहीये, अर्धं सांगतोय. अमेरिकेत घरांचे भाव २००६ मध्ये शिखरावर होते. तिथून २०१२ पर्यंत देशभरात सरासरी पाव हिस्सा उतरले. लास व्हेगाससारख्या शहरात तर निम्म्याहून खाली गेले. तोवर शून्य डाउन पेमेंटवर, पगाराचा कागदही न बघता कर्जं वाटली गेली होती. पहिली दोन वर्षं हप्ता लहान, मग एकदम मोठा. आणि भाव चढले की त्याच घरावर आणखी कर्ज काढून लोक गाड्या घेत होते. २००९ च्या अखेरीस तिथे कर्ज असलेल्या चार घरांमागे जवळपास एक घर असं होतं, की विकूनही कर्ज फिटलं नसतं. अशी सुमारे १ कोटी १० लाख घरं. पाकिटात चाव्या खुळखुळतात म्हणून त्या प्रकाराला तिथे ‘जिंगल मेल’ म्हणायचे.

पण तो मार्ग साऱ्या अमेरिकेत खुला नव्हताच. कॅलिफोर्निया, ॲरिझोनासारख्या काही राज्यांत कायदाच असा आहे, की राहण्यासाठी घेतलेल्या घराचं मूळ कर्ज थकलं तर बँकेने घर घ्यावं आणि गप्प बसावं, उरलेल्या रकमेसाठी माणसाच्या पगाराला हात लावू नये. फ्लोरिडात तसं नाही. आणि जिथे सूट होती तिथेही सात वर्षं तो डाग क्रेडिट रिपोर्टवर राहायचा.

आपल्याकडे कर्ज घराला नाही, माणसाला दिलेलं असतं. घर फक्त तारण. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए होतं, म्हणजे बँकेच्या वहीत थकीत कर्ज ठरतं. मग २००२ च्या सरफेसी कायद्याखाली ६० दिवसांची नोटीस, नंतर ताबा, नंतर लिलाव. पेपरात बारीक अक्षरांत ‘ताबा सूचना’ छापून येतात ना, त्यातलंच तुमचं एक नाव. लिलावाचा भाव बाजारभावाच्या खालीच सुटतो, कारण तिथे येणारा माणूस स्वस्तात मिळावं म्हणूनच येतो. समजा ३५ लाख आले. उरलेले साडेआठ लाख आणि वरचं थकलेलं व्याज बँक दिवाणी न्यायालयात जाऊन तुमच्याकडून मागू शकते. पत्नी सहकर्जदार असेल तर तिच्याकडून, आणि सासऱ्यांना जामीनदार केलं असेल तर त्यांच्याकडूनही. हे सासऱ्यांचं मी उगाच लिहीत नाही. आमच्या सोसायटीत एका घरात दिवाळीचं जाणं-येणं याच पायी बंद झालं.

आता माझं सांगतो, कारण तुमच्यासारखाच जीव मीही चार-पाच वर्षं जाळलाय.

२०१४. पुढच्या वर्षी सिंहस्थ. रस्ते रुंद होत होते, पूल होत होते, आणि इंदिरानगरपासून आडगावपर्यंत प्रत्येक साइट ऑफिसात एकच वाक्य होतं: ‘कुंभ झाला की हा भाव दिसणार नाही, सर.’ वडाळा-पाथर्डी रस्त्याला मी ३८ लाखांत फ्लॅट घेतला. कर्ज ३० लाख, व्याज सव्वादहा टक्के, हप्ता २९ हजार ४५०. स्टँप ड्युटी, नोंदणी, सर्व्हिस टॅक्स, व्हॅट असे चार लाखांवर आणखी गेले. ते चार लाख घेतल्या दिवशीच हवेत विरतात, हे कुणी सांगत नाही. घर ३८ चं, तुमच्या खिशाला ४२ चं.

कुंभ झाला. भाव वाढला नाही. पडलाही नाही, म्हणजे कागदावर. नाशिकमध्ये भाव पडतो तो असा: बिल्डर दर उतरवत नाही, मॉड्युलर किचन फुकट देतो. मालक ४० सांगत राहतो आणि सहा महिने कुणी फिरकत नाही. गिऱ्हाईक नसणं हीच आपल्याकडची मंदी. २०१६ च्या नोव्हेंबरात नोटबंदी आली, मग तर रोखीत व्यवहार करणारे महिनोन्‌महिने गायबच झाले.

माझ्या बाबतीत वर एक तिढा होता. त्या काळातलं कपाट प्रकरण जुन्या नाशिककरांना आठवत असेल. मंजूर नकाशातली कपाटं बिल्डरांनी खोल्यांत मिसळून टाकली होती, चटई क्षेत्राचा हिशेब बिघडला आणि बिल्डिंगांचे पूर्णत्वाचे दाखले अडकले. आमचीही त्यात. २०१८ मध्ये बायकोची बदली पुण्याला झाली म्हणून विकायला काढला. माझी बाकी होती २७ लाख ७४ हजार. चार वर्षांत १४ लाख १३ हजार भरून मुद्दल फिटली होती सव्वादोन लाख. तो तक्ता बघून मी बँकेतच पाणी मागितलं होतं. दाखला नाही म्हणून घेणाऱ्याला कर्ज मिळेना. उरला रोखीवाला. तो म्हणाला, २६. म्हणजे फ्लॅट द्यायचा आणि वर पावणेदोन लाखही मीच भरायचे.

नाही दिला. शूरपणा नव्हता तो, पावणेदोन लाख नव्हतेच. ९ हजार भाड्याने दिला, वरचे साडेवीस हजार पगारातून भरत राहिलो. दोन वर्षं हॉटेल नाही, गाडी नाही. मधे बेस रेटचं, म्हणजे बँकेच्या स्वतःच्या जुन्या दराचं कर्ज फी भरून रेपोशी, म्हणजे रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्या दराशी, जोडून घेतलं. २०२० मध्ये रेपो ४ टक्क्यांवर आला आणि माझं व्याज सात टक्क्यांच्या खाली. हप्ता मुद्दाम तेवढाच ठेवला. दाखला यथावकाश आला. २०२२ मध्ये ४१ लाखांना विकला. नातेवाइकांनी तीन लाख फायदा झाला म्हणून पेढे मागितले. मी दिले. आठ वर्षांच्या व्याजाचा हिशेब त्यांच्यासमोर काढून काय करणार?

आता तुमच्याकडे वळू.

५२ मधून ४१ वजा करून तुम्ही ११ लाख बुडाले म्हणता. त्यातले १० लाख ४० हजार हे तुमचं डाउन पेमेंट. ते दुःख आहेच. पण कर्जाच्या बाजूने बघितलं तर खड्डा अडीच लाखांचा आहे, दलाली धरून तीन. आणि तो खड्डा नुसत्या बाजाराने खणलेला नाही. टॉप-अप नसता तर बाकी ३९ च्या आसपास असती आणि ४१ ला विकूनही तुम्ही सुटला असता. त्या ५८ लाखांच्या व्हॅल्युएशनवर तुम्ही विश्वास ठेवलात, ही खरी चूक. व्हॅल्युअर त्या भावाने स्वतः फ्लॅट घेणार नव्हता. अमेरिकेत झालं ते हेच, फक्त आकडे मोठे.

आपल्याकडे तिकडच्यासारखा सार्वत्रिक बुडीत प्रकार दिसत नाही याचं एक कारण रिझर्व्ह बँक. ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांवर देता येत नाही, म्हणून तुम्हाला ते १० लाख आधी घालावे लागले. वाय. व्ही. रेड्डी गव्हर्नर असताना, २००४ पासूनच, घरांच्या आणि बिल्डरांच्या कर्जांवर बँकांना जास्त भांडवल बाजूला ठेवायला लावलं होतं. तेव्हा बँकवाले कुरकुरत होते.

आता पहिलं काम व्याजाचं. रेपो २०२५ च्या फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेसहा टक्के होता, डिसेंबरपर्यंत सव्वापाचवर आला. बँकेचं फ्लोटिंग, म्हणजे बदलत्या दराचं कर्ज रेपोशी जोडलेलं असेल तर ही सव्वा टक्क्याची घट तुमच्यापर्यंत पोचली का, ते स्टेटमेंटवर बघा. हाउसिंग फायनान्स कंपनीचं कर्ज असेल तर ते रेपोशी जोडलेलं असेलच असं नाही. तिथे लेखी अर्ज करून, थोडी फी भरून दर उतरवून घ्यावा लागतो. साडेत्रेचाळीस लाखांवर सव्वा टक्का म्हणजे महिन्याला साडेचार हजारांचं व्याज. दर उतरला की बँक हप्ता कमी करते किंवा मुदत. तुम्ही मुदत कमी करायला सांगा. साडेसात टक्क्यांवर आताचाच, टॉप-अपसकट ४१ हजारांचा हप्ता चालू ठेवलात तर पहिल्या महिन्यापासून १४ हजारांच्या आसपास मुद्दल फिटते. म्हणजे भाव ४१ वरच थिजून राहिला तरी दीड वर्षात अडीच लाखांचा खड्डा बुजतो. बोनस आला तर टॉप-अपमध्ये घाला. वैयक्तिक फ्लोटिंग गृहकर्जाला मुदतपूर्व भरण्याचा दंड नाही.

दुसऱ्या बँकेत कर्ज हलवा असा सल्ला इथल्या इतर उत्तरांत दिसेल. तुमच्यासाठी तो उपयोगाचा नाही. नवी बँक नवा व्हॅल्युअर पाठवणार, तो ४१ लिहिणार, ८० टक्क्यांनी बसतात ३२ लाख ८० हजार. वरचे दहा लाख सत्तर हजार रोख कुठून आणाल? म्हणून भांडायचं ते आपल्याच बँकेशी. नियमित हप्ता भरणारा ग्राहक त्यांनाही सोडायचा नसतो. आजवर एकही हप्ता चुकला नाही हेच तुमचं हत्यार आहे, आणि मित्राचा सल्ला पहिल्यांदा तेच बोथट करतो.

मग तो ४१ चा आकडा. तो दलालाचा आहे. तुमच्या बिल्डिंगचे आणि शेजारच्या दोन बिल्डिंगांचे गेल्या वर्षभरातले इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्तांचे गोषवारे, नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर काढून बघा. त्यात खऱ्या दस्तांचे आकडे दिसतात. (रोखीचा भाग त्यात नसतो, हे तुम्ही-आम्ही दोघंही जाणतो, म्हणजे खरा भाव झालाच तर वरच असणार.) दलाल कमी का सांगतो? त्याच्याकडे त्याच रस्त्यावर बिल्डरचे न विकलेले फ्लॅट असतात आणि त्यावर त्याला कमिशन जास्त मिळतं. रेडी रेकनरचा, म्हणजे स्टँप ड्युटीसाठी सरकारने ठरवलेला दरही बघून ठेवा. बाजार थंडावला म्हणून तो खाली येत नाही, उलट १ एप्रिल २०२५ ला वाढलाय. विक्रीची किंमत त्याच्या फार खाली गेली, म्हणजे दहा टक्क्यांच्या सवलतीपलीकडे, तर आयकर खातं रेकनरचाच आकडा तुमची विक्री किंमत धरतं आणि तो फरक घेणाऱ्याच्याही उत्पन्नात धरलं जातं. त्यामुळे समोरचाही बिचकतो.

विकावंच लागलं, बदली झाली किंवा नोकरी डळमळली, तरी रस्ता आहे. बँकेकडून फोरक्लोजर लेटर घ्या, म्हणजे कर्ज मिटवायला नेमके किती भरायचे त्याचं पत्र. घेणाऱ्याची बँक तिचा चेक थेट तुमच्या बँकेला देते, वरचा फरक तुम्ही आधी भरायचा. तीन लाख पतसंस्थेतून काढलेत तरी ते लिलावानंतरच्या साडेआठ लाखांपेक्षा बरे. कर्ज मिटल्यावर मूळ कागद ३० दिवसांत परत मिळायला हवेत. बँकेने उशीर केला तर दिवसाला ५ हजार भरपाईचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, मागून घ्या. आणि जुन्या कर प्रणालीत ८० सी खाली मुद्दलीची वजावट घेतली असेल, तर ताबा मिळाला त्या आर्थिक वर्षानंतर पाच वर्षांच्या आत विकल्यास ती सगळी परत उत्पन्नात धरली जाते. सीएला आधी विचारा. मी २०१८ मध्ये हे विचारलं नव्हतं, नशिबानेच तेव्हा गिऱ्हाईक मिळालं नाही.

राहता राहिला २०२७ चा कुंभ. तुमचाही दलाल म्हणत असेल, कुंभापर्यंत थांबा, साठ होतील. थांबायचं तर हप्ता झेपतोय आणि त्या घरात मुलं झोपताहेत म्हणून थांबा. हेच वाक्य मी २०१४ मध्ये ऐकलं होतं, आणि ऐकवणाऱ्याचं साइट ऑफिस २०१७ मध्ये बंद होतं. आता तिथे चहाची टपरी आहे, चहा चांगला असतो.