परदेशात फिरल्याने तिथल्या स्थलांतरितांविषयीचे तुमचे समज बदलले का?

परदेशात प्रत्यक्ष फिरल्यावर तिथल्या सांस्कृतिक विविधतेविषयीचे आणि स्थलांतरितांविषयीचे आपले आधीचे समज टिकतात का, असे आपण विचारले आहे. माझा निदान एक समज टिकला नाही. देश म्हणजे एक घर, त्यात घरची माणसे पूर्वीपासून राहतात आणि स्थलांतरित हा बाहेरून आलेला पाहुणा, असे मी धरून चाललो होतो. स्थलांतराची बाजू घेणारे आणि त्याला विरोध करणारे, दोघेही हेच चित्र डोळ्यांसमोर ठेवून भांडत असल्यामुळे ते मला कधी खटकलेही नव्हते.

त्या चित्राला पहिला तडा लंडनमधल्या ब्रिक लेनवर गेला. तिथल्या बांगलादेशी वस्तीतली मशीद पाहताना सहज मान वर केली, तर बाजूच्या भिंतीवर बऱ्याच उंचावर एक सूर्यघड्याळ दिसले. त्यावर 1743 हे साल आणि ‘आम्ही सावली आहोत’ अशा अर्थाचे दोन लॅटिन शब्द होते. मशिदीवर लॅटिन कसे, हे कोडे सोडवताना कळले की ही वास्तू फ्रान्समधून पळून आलेल्या ह्यूगेनो प्रोटेस्टंटांनी प्रार्थनाघर म्हणून बांधली होती. फ्रान्सचा राजा चौदाव्या लुईने 1685 मध्ये त्यांचे धर्मस्वातंत्र्य काढून घेतले होते, आणि ‘रेफ्युजी’ हा शब्द इंग्रजीत आला तोही त्यांच्याबरोबरच. पुढे तिथे मेथडिस्ट या दुसऱ्या प्रोटेस्टंट पंथाचे चॅपेल झाले, 1898 पासून ज्यूंचे सिनेगॉग आणि 1976 पासून मशीद. मी ज्यांना नवखे समजत होतो, ते एका जुन्या रांगेतले सध्याचे लोक होते.

खरा धक्का मात्र इंग्लंडमधल्याच लेस्टर शहरात बसला, आणि तो माझ्याच भोचकपणामुळे. बसथांब्यावर भेटलेल्या एका वृद्ध गृहस्थांना मी विचारले, “आपल्याला इथले नागरिकत्व केव्हा मिळाले?” ते शांतपणे म्हणाले, “मिळायचे काय त्यात? मी युगांडातल्या कंपालाहून आलो तो ब्रिटिश पासपोर्ट खिशात घेऊनच.” युगांडाचा हुकूमशहा इदी अमीनने ऑगस्ट 1972 मध्ये तिथल्या आशियाई लोकांना देश सोडण्यासाठी नव्वद दिवस दिले आणि सुमारे 28,000 लोक ब्रिटनला आले, एवढे मी वाचले होते; पण त्यांतले बहुतेक कायद्याने ब्रिटिशच होते, ही गोष्ट माझ्या डोक्यात कधी शिरली नव्हती. आईवडील किंवा आजीआजोबा यांपैकी कोणी ब्रिटनमध्ये जन्मलेले नसेल, तर अशा पासपोर्टधारकांचा थेट प्रवेशाचा हक्क 1968 च्या कायद्याने जवळजवळ संपवला होता. त्यावर कडी म्हणजे लेस्टरच्या नगरपालिकेने युगांडातल्या वर्तमानपत्रात जाहिरात देऊन, कृपा करून आमच्या शहरात येऊ नका, अशी विनंतीही केली होती. लोक तरीही आले. 2021 च्या जनगणनेत लेस्टरची सुमारे 43 टक्के वस्ती आशियाई वंशाची होती.

यानंतर बर्लिनच्या क्रॉइत्सबर्ग भागात गेलो, तेव्हा याच गोष्टीची उलटी बाजू दिसली. पश्चिम जर्मनीने 1961 मध्ये तुर्कस्तानशी करार करून कामगार बोलावले आणि त्यांना नावच ‘पाहुणे कामगार’ असे दिले. मालकांना शिकलेले हात परत पाठवणे परवडेना, त्यामुळे मुक्काम लांबत गेला, कुटुंबे आली. 1973 मध्ये भरती थांबल्यावर, एकदा परत गेलो तर पुन्हा येता येणार नाही या भीतीने अनेक जण कायमचेच राहिले. त्यांची मुले जन्मली आणि वाढली जर्मनीत, बोलू लागली जर्मन, परंतु नागरिकत्व रक्तावर ठरत असल्यामुळे ती कागदोपत्री तुर्कच राहिली. जन्मावरून नागरिकत्व मिळण्याची सोय 1 जानेवारी 2000 पासून झाली, आणि तीही अटींसह. एकीकडे पासपोर्ट असून दार बंद, तर दुसरीकडे घरातच जन्मून पाहुणे! ‘स्थलांतरित’ हा एकच शब्द दोघांनाही चिकटवताना मी काय साधत होतो, हे आता मला सांगता येत नाही.

हे सारे प्रवासानेच शिकवले असे मात्र म्हणणार नाही. कायदे आणि तारखा मी परत आल्यावर वाचल्या. प्रवासाने दिली ती केवळ विचारण्याची निकड आणि थोडी लाज. शिवाय प्रवासी मोठ्या शहरांतच फिरतो. 2021 मध्ये लंडनमध्ये परदेशात जन्मलेले लोक सुमारे 41 टक्के होते, पण इंग्लंड आणि वेल्स एकत्र धरले तर जेमतेम 17 टक्के. लंडन पाहून येऊन “तिथे आता मूळचे कोणी उरलेच नाही” असे सांगणारे भेटतात, तेव्हा मला हा फरक आठवतो.

आणि माझ्याही पाहण्यात एक मोठे भोक आहे. इंग्लंडच्या लिंकनशायर परगण्यातल्या बॉस्टन या छोट्या गावाभोवतीच्या शेतांत 2004 नंतर पूर्व युरोपातून पुष्कळ मजूर आले, तेही युरोपीय संघाच्या नियमांनी दिलेल्या हक्काने. आणि 2016 च्या सार्वमतात संघ सोडण्याच्या बाजूने देशात सर्वाधिक, 75.6 टक्के, मते पडली ती याच भागात. लेस्टरहून तिथे जाणे काही अवघड नव्हते. मी गेलो नाही, त्यामुळे तिथल्या मतदारांविषयीचा माझा समज अजून वर्तमानपत्रांतून आलेला, जुनाच आहे.