वाट अडवणारी झाडं

प्रश्न : वडोदऱ्याहून जांबुघोड्याच्या जंगलात सॅक घेऊन दोन दिवस चालायचंय. वादळानं झाडं आडवी झालीत. काय सांभाळावं?

उत्तर : आधी वनखात्याची परवानगी काढा आणि कोणती वाट मोकळी झालीय, तेही तिथेच विचारा. वेळ मात्र दुप्पट धरा. उतारावरचं खोड घरंगळतं, म्हणून वळसा वरच्या बाजूनं. पण उखडलेल्या मुळांपासून लांब राहा. वाकून दाबली गेलेली फांदी कोयत्यानं तोडू नका, सुटली की तोंडावर बसते. मोडलेल्या बांबूची धार तर सुरीच. मॅट सॅकच्या आत ठेवा, बाहेर बांधलेली हमखास अडकते. वळशाआधी वाटेची खूण करा. लोंबत्या फांद्यांखाली तंबू नको. अस्वलं आहेत, अंधारात चालणं टाळाच.