एमएस आहे, पीएचडी नाही, त्यात बाई: स्त्रीआरोग्यावरच्या संशोधनाला निधी मिळेल का?

तुम्ही साताऱ्याच्या, नुकत्याच स्त्रीरोगात एमएस झालात, गरोदरपणातल्या रक्तक्षयावर काम करायचंय, आणि वरिष्ठ सांगतात की पैसे पुरुषांना आणि पीएचडीवाल्यांनाच मिळतात. मी मिरजेत स्त्रीरोग शिकवते. त्यांचं म्हणणं अर्धंच खरं आहे.

बाई म्हणून फटका बसतो, पण सगळीकडे सारखा नाही. कॅनडाच्या सरकारी आरोग्य संशोधन निधीच्या हजारो अर्जांचा अभ्यास 2019 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. परीक्षकांनी मुख्यतः प्रकल्प तपासला तिथे निधी मिळण्यात बायका पुरुषांपेक्षा जेमतेम 0.9 टक्क्यांनी मागे होत्या. अर्जदाराचा लौकिक किती मोठा हे तपासलं तिथे 4 टक्क्यांनी. म्हणून प्रकल्पाला गुण देणाऱ्या योजना आधी शोधा. अमेरिकेत तर एकदा मोठं अनुदान मिळालं की निधी मिळवत राहण्यात बायका जवळपास पुरुषांइतक्याच टिकतात. त्यांचे अर्जच संख्येनं कमी असतात, आणि मला हेच जास्त लागतं.

पदवीचं म्हणाल तर अमेरिकेतली एमडी म्हणजे आपली एमबीबीएस. तिथल्या दोन्ही पदव्या घेतलेल्या एमडी-पीएचडीवाल्यांना संशोधनात घालवलेली वर्षं, मार्गदर्शक आणि अर्ज लिहायची सवय आधीच मिळालेली असते. नुसत्या डॉक्टरकडे ते नसतं. म्हणूनच तिथे 1998 मध्ये स्त्रीरोगतज्ज्ञांना संशोधनासाठी राखीव वेळ आणि त्याचा पगार देणारी सरकारी योजना सुरू झाली. आपल्याकडे ओपीडी, लेबर रूम, रात्रीचे कॉल, आणि घरी गेल्यावर सासूबाईंची औषधं. अर्ज लिहायचा कधी? पीएचडीपेक्षा आधी हा वेळ मागा, आणि विभागप्रमुखांकडून लेखी घ्या.

विषय लहान वाटू देऊ नका. शेजारच्या बेळगाव जिल्ह्यात खेड्यांतल्या 1620 बाळंतिणींवर मिसोप्रोस्टॉल या रक्तस्राव रोखणाऱ्या गोळीची चाचणी झाली. गोळ्या देणाऱ्या होत्या एएनएम ताई, म्हणजे गावातल्या परिचारिका-सुईणी. प्रसूतीनंतरचा अतिरक्तस्राव 12 टक्क्यांवरून 6.4 वर आला. त्यामागे अमेरिकी सरकारचाही पैसा होता. प्रश्न आपल्याच खेड्यातला होता.

आता कामाचं. एकट्या दवाखान्यातून अर्ज करणं अवघड. मेडिकल कॉलेजात नोकरी असेल तर आयसीएमआरकडे, म्हणजे भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेकडे, जाता येतं. पीएसएम म्हणजे सामाजिक आरोग्य विभागातल्या कुणाला आणि संख्याशास्त्रज्ञाला पहिल्या दिवसापासून सोबत घ्या, नमुन्याचा आकार तेच ठरवतील. एमएसच्या थीसिसमधली हिमोग्लोबिनची आकडेवारी प्राथमिक पुरावा म्हणून जोडा. नामंजूर झाला तर परीक्षकांचे शेरे मागून घ्या, आणि पुढच्या फेरीत तोच अर्ज दुरुस्त करून पाठवा.